चोवीस पॉइंट एकोणीस

लाखांदूरच्या वाटेवर गभण्यांची उकडा तांदळाची गिरणी.
तिथल्या बॉयलरच्या छातीवर पितळी पाटी:
ताशी तीन हजार दोनशे पाउंड वाफ.
अक्षरं इंग्रजी, कोपऱ्यात दसऱ्याचं हळदकुंकू,
दोनाच्या शेपटीत काजळी.

नवा मीटर आला फाल्गुनात.
तो किलोत बोलतो, मिनिटामिनिटाला.
मालक म्हणाले, निरुपा, तू आयटीआय केलेली,
पाटीचं मीटरच्या भाषेत करून दे,
सोमवारी तपासणीला साहेब येतात.

खडू घेतला. भिंत काळी होतीच.
किलोत पाउंड दोन पॉइंट दोन, हे पाठ.
गुणलं: सात हजार चाळीस.
साठानं भागलं: मिनिटाला एकशे सतरा किलो.
आकडा मोठा दिसला की
काम झाल्यासारखं वाटतं.

बकाराम शेंद्रे भट्टीच्या तोंडाशी
तुसाचं टोपलं रिकामं करत होता.
त्याला अक्षर येत नाही, म्हणून वाचून दाखवलं.
त्यानं दुपट्ट्यानं मान पुसली. हसलासुद्धा नाही.
"एवढा पानी पेत असती त
बोडी चैताआधीच आटली असती ना, बाई."
आणि पुढचं टोपलं उचललं.

पंपाजवळची टाकी सात हजार लिटरची.
सकाळी भरली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरते.
माझ्या भिंतीवर ती
तासाभरात कोरडी ठणठणीत.

धान खंडीनं सांगितलं तर एक,
तेच कुडवानं सांगितलं तर वीस,
ढिगातला दाणा काही वाढत नाही.
माप मोठं, तर आकडा लहान.
हे मला खळ्यावर आईच्या कडेवर असतानाच कळत होतं;
हातात खडू आला
आणि विसरले.

ओल्या फडक्यानं पुसलं.
पॉइंट चार पाच तीन सहानं गुणलं:
तासाला एक हजार चारशे एक्कावन्न किलो,
आणि मिनिटाला
चोवीस पॉइंट एकोणीस.

बकाराम, तुमचा हिशेब काय?
"भोंग्यापासून भोंग्यापर्यंत अठ्ठेचाळीस टोपले.
कमी पडले त काटा पडते,
जास्त झाले त बोंबलते."
मी एक टोपलं काट्यावर ठेवलं. नऊ किलो.
किलोभर तुसामागं तीन-सव्वातीन किलो वाफ धरली
तर जवळपास जुळत होतं.
पाटी कोरणारा कुठल्या थंडीच्या गावात बसला असेल;
या माणसाच्या उजव्या खांद्याला
त्याचा पाउंड कधीच भेटला नाही,
आणि तरी एकतीस वर्षं
हा खांदा त्याचं म्हणणं पाळतोय.

एक गोष्ट मात्र मला अजून सांगता येत नाही.
चोवीस किलो दाखव म्हटलं
तर पोतं दाखवीन.
मिनिटाला चोवीस किलो दाखव म्हटलं
तर बोट कशावर ठेवू?
पाइपावर हात ठेवला तर नुसता गरम लागतो.
आत जे आहे ते निघालेलंच असतं,
थांबवलं तर ते किलो उरतं,
मिनिट जातं.
बकारामला हे विचारलं,
तो म्हणाला, "जेवली काय तू?"

सोमवारी साहेब आले,
भिंत बघितली, मीटर बघितला,
म्हणाले, बरोबर आहे, पण पॉइंट एकोणीस काढा,
चोवीस पुरे.
मी काढलं.

पंपाच्या ग्लँडमधून पाणी ठिबकतं,
मिनिटाला असेल पेलाभर.
बकारामनं खाली घमेलं ठेवलंय,
त्याची काळी शेळी दुपारी येऊन त्यात तोंड घालते.
कधी वाटतं, भिंतीवरून पुसलेलं ते हेच.
कधी वाटतं, नाही.
मोजायचं राहिलंय.